एल्डरफ्लॉवर लिक्युअर : कशात घालावं, कशात घालू नये

बांधावरची

जिनच्या धाग्यावर मागे कोणीतरी विचारलं होतं, "ड्यूटी फ्रीमधून ती उंच, देखणी सेंट जर्मेनची बाटली आणली, नुसती चाखली तर पाकासारखी गोड. आता हिचं करू काय?" सेंट जर्मेन म्हणजे एल्डरच्या फुलांचं लिक्युअर, म्हणजे साखर घातलेली सुगंधी दारू. तिथे उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

आधी फुलाबद्दल. एल्डर (सांबुकस नायग्रा) हे युरोपातलं अगदी मामुली झुडूप. रेल्वेरुळांच्या कडेला, शेताच्या बांधावर, पडक्या भिंतीपाशी आपापलं उगवतं. मी इंग्लंडात सॉमरसेटला असते. इकडे मेअखेरीपासून जूनभर त्याला फुलं येतात. तळहाताएवढा चपटा फुलोरा, त्यात शेकड्यांनी बारीक साईच्या रंगाची फुलं आणि प्रत्येकात पिवळा पराग. उन्हात उमललेली असताना लिची, मस्कत द्राक्षं आणि थोडं लिंबू असा वास येतो. तीच फुलं शिळी झाली की मांजराच्या मुताचा. हे मी गमतीने म्हणत नाही, इथे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तोडल्या तोडल्या कामाला लागायचं.

इंग्लंडात या फुलाचं सरबत, म्हणजे कॉर्डियल, फार जुनं. लिसेस्टरशरमध्ये बेल्व्हॉर म्हणून फळबागवाले आहेत (लिहितात बेल्व्हॉर, म्हणतात बीव्हर), त्यांनी १९८४ मध्ये घरच्या कृतीने बाटल्या भरून विकायला सुरुवात केली आणि हे सरबत दुकानांच्या फळ्यांवर आलं. दारूवाल्यांचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. २००० नंतर लंडनचे बारटेंडर कॉकटेलमध्ये हे सरबत वापरत होते. ते रॉबर्ट कूपर या अमेरिकन माणसाने हेरलं. फिलाडेल्फियाच्या शार्ल जाकँ या मद्यकंपनीच्या घरातला मुलगा, शांबोर हे रास्पबेरीचं लिक्युअरही त्यांचंच होतं. त्याने २००७ मध्ये सेंट जर्मेन बाजारात आणलं. द्राक्षांच्या स्पिरिटमध्ये एल्डरची फुलं, अल्कोहोल २० टक्के. जाहिरातीत आल्प्सच्या उतारावरून सायकलीवर फुलांच्या पिशव्या घेऊन उतरणारे म्हातारेबुवा. त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती हा भाग सोडा, बाटली मात्र मानली पाहिजे. पाच-सहा वर्षांतच बकार्डीने ब्रँड विकत घेतला. कूपर २०१६ मध्ये गेला, चाळिशीही गाठली नव्हती.

आता मुद्द्याचं. युरोपीय नियमांप्रमाणे लिक्युअर म्हणवून घ्यायला लिटरमागे सहसा किमान १०० ग्रॅम साखर लागते, आणि ही फुलांची लिक्युअरं त्याच्या बरीच वर असतात. तेव्हा ही बाटली दारूच्या कपाटात ठेवली तरी हिशेबात साखरेच्या खात्यावर मांडा. ज्या कॉकटेलमध्ये साखरेचा पाक पडतो, तिथे पाक काढायचा आणि हे घालायचं. पाकही ठेवला आणि वर हेही ओतलं की ग्लास बिघडलाच. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

सर्वांत सोपं म्हणजे फ्रेंच गिमलेट. जिन ६० मिली, एल्डरफ्लॉवर ३० मिली, ताज्या लिंबाचा रस १५ मिली. भरपूर बर्फावर शेक करून थंड ग्लासात गाळायचं. आपलं कागदी लिंबू इथल्या पिवळ्या लेमनपेक्षा जास्त आंबट असतं, ते या कामाला उलट बरं. गोड वाटलं तर लिक्युअर २० मिलीवर आणा, लिंबू वाढवू नका.

बाकीच्यांनी भर घाला.

चकणाप्रेमी

वाखू (वाचनखूण) साठवली. जिनच्या धाग्यावरचा तो प्रश्न माझाच होता. आधी ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरच्या मर्यादेतलं पाऊण लिटर यात गेलं म्हणून घरून बोलणी बसली, मग चव बघून परत बसली. आज रात्री गिमलेट करून बघतो. रच्याकने (बाय द वे), बॉम्बे सफायर नाही, साधी लंडन ड्राय आहे, चालेल ना?

बांधावरची

चालेल. उलट ज्या जिनमध्ये आधीच गुलाब, लव्हेंडर वगैरे घातलेलं आहे ती यात नको. जुनिपरचा (जिनला तिची मूळ चव देणाऱ्या फळांचा) कडवट ठसका हवा.

पेगासस

मी मुंबईत बारच्या आतल्या बाजूला उभा असतो, त्यामुळे थोडं टोचून बोलणार. या बाटलीला आमच्या धंद्यात 'बारटेंडरचं केचप' म्हणतात. कशावरही ओता, गिऱ्हाईक खूश. अमेरिकेत २००७ नंतरची काही वर्षं मेन्यूवर हे नसलेलं पान सापडत नव्हतं. काकडी-पुदिना-एल्डरफ्लॉवर, आलं-एल्डरफ्लॉवर, कलिंगड-एल्डरफ्लॉवर. सगळ्यांची चव शेवटी एकच. ताई, तुम्ही ६० ला ३० सांगितलंत, माझ्या मते ते प्रमाण जिनसाठी नाही, लिक्युअर विकणाऱ्यांसाठी आहे. १५ मिलीच्या पुढे गेलात की ग्लासात दुसरं काही उरत नाही.

जमलेली उदाहरणंही सांगतो. न्यूयॉर्कच्या डेथ अँड कंपनी बारमधल्या फिल वॉर्डचं 'एल्डर फॅशन'. जिन ६० मिली, एल्डरफ्लॉवर १५, ऑरेंज बिटर्सचे (संत्र्याच्या कडवट अर्काचे) दोन शिंतोडे. शेक नाही, बर्फावर ढवळायचं, वरून ग्रेपफ्रूटची साल पिळायची. ओल्ड फॅशन्डमध्ये साखरेचा खडा असतो त्या जागी हे लिक्युअर आलंय, बस. दुसरं सॅम रॉस या बारटेंडरचं 'सनफ्लॉवर'. जिन, क्वांत्रो (संत्र्याचं लिक्युअर), एल्डरफ्लॉवर आणि लेमनचा रस सारखे, प्रत्येकी साधारण २२ मिली, आणि ग्लास आतून ॲबसिंथने (बडीशेपेच्या चवीच्या कडक दारूने) फिरवून घेतलेला. हे जुन्या 'कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर २' वरून आलंय, त्यातली लिले ही वाइन काढून त्या जागी फूल घातलं.

बांधावरची

साखरेच्या जागी फूल, मीही तेच म्हणतेय की. ३० मिली हे कृतीत रूढ आहे म्हणून दिलं, खाली २० लिहिलंय बघा. पण तुमचा १५ चा दंडक सगळीकडे नाही चालणार. सनफ्लॉवरमध्ये तुम्हीच २२ घातलंत.

पेगासस

तिथे समोर लेमन आहे, क्वांत्रो आहे आणि ॲबसिंथची बडीशेप आहे. तिघे मिळून धरून ठेवतात. गिमलेटमध्ये बिचारं लिंबू एकटं. पण ठीक, २० वर मांडवली करू.

हिमगौरी

म्युनिकहून. इकडे याला हॉलर म्हणतात आणि जूनमध्ये बायका याची चक्क भजी तळतात. अख्खा फुलोरा देठाला धरून मैद्या-अंड्याच्या (काही जणी बिअरही घालतात) पातळ पिठात बुडवायचा, कढईत उलटा सोडायचा, फुललं की काढून वर पिठीसाखर. हादग्याच्या फुलांची भजी ज्यांनी खाल्लीत त्यांना वेगळं सांगायला नको, फक्त ही गोड.

कॉकटेलमध्ये आमच्याकडे एकच नाव : हुगो. दक्षिण टिरोलमधल्या नाटुर्न्स गावच्या रोलंड ग्रुबर या बारमनने २००५ मध्ये केलं असं सांगतात. तो भाग इटलीत, भाषा जर्मन. सुरुवातीला त्यात लेमन बाम या लिंबाच्या वासाच्या वनस्पतीचं सिरप होतं, नंतर एल्डरफ्लॉवर आलं आणि तेच टिकलं. मोठ्या वाइन ग्लासात बर्फ, १५० मिली प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाइन), २० मिली सिरप, थोडा सोडा, पुदिन्याची पानं, लिंबाची चकती. पुदिना चुरडायचा नाही, तळहातावर एक टाळी वाजवून टाकायचा. चुरडला की मोहितो होतो आणि फुलाचा वास त्याखाली गाडला जातो.

मूळ हुगोत लिक्युअर नाहीच, सिरप आहे. अमेरिकेत जे हुगो स्प्रिट्झ २०२३ च्या आसपास गाजायला लागलं त्यात बहुधा सेंट जर्मेन घालतात. माझं मत विचाराल तर सिरपवालं जास्त ताजं लागतं.

खवय्या_सदाशिव

माझा प्रश्न पुणेरी आहे, रागावू नका. सिरप आणि लिक्युअर यांत वासाचा फरक नसेल तर माणसाने लिक्युअर घ्यावंच कशाला? मोनँचं एल्डरफ्लॉवर सिरप इथे सहज मिळतं, जिन घरात असतेच. सिरप अधिक जिन बरोबर लिक्युअर. कुठे चुकतंय?

पेगासस

लांब ग्लासात काहीच चुकत नाही काका. हुगो, कॉलिन्स, टॉनिकबरोबर, सगळीकडे सिरप चालतं. फक्त लिक्युअरच्या निम्म्या मापापासून सुरू करा, सिरप त्याहून गोड असतं. आणि लेबल वाचा. बऱ्याच सिरपांत सायट्रिक ॲसिड आधीच असतं, तिथे लिंबू हात राखून.

अडतं ते ढवळून करायच्या, आखूड (सोड्याशिवायच्या, कमी मापाच्या) कॉकटेलमध्ये. एल्डर फॅशन सिरप घालून करून बघा. साखर आणि पाणी जातं, अल्कोहोल जात नाही, मग पेय बसकं लागतं. लिक्युअरमध्ये वीस टक्क्यांचा आधार असतो. आणि फुलातली काही सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त चांगली उतरतात, त्यामुळे वास थोडा खोलही असतो.

खवय्या_सदाशिव

पटलं. म्हणजे मला लिक्युअर नको, कारण आखूड पेयं मला सोसत नाहीत. पैसे वाचवल्याबद्दल आभार.

अनुस्वार

लिचीचा उल्लेख झाला म्हणून थोडं रसायनशास्त्र. लिचीच्या वासात 'सिस-रोझ ऑक्साइड' नावाचं संयुग महत्त्वाचं असतं. तेच गुलाबात आहे, गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षांच्या वाइनमध्ये आहे आणि एल्डरच्या फुलातही आहे. त्यामुळे पहिल्यांदा हे पिणारा "लिची आहे का यात?" असं विचारतो, ते काही वेड्यासारखं नाही. त्याच्या जोडीला लिनालूल आणि हॉट्रिएनॉलसारखी संयुगं आहेत, त्यातून तो हिरवट, फुलांचा भाग येतो.

याचा उपयोग असा की ज्यांच्याकडे सिरप-लिक्युअर काहीच नाही त्यांनी डब्यातल्या लिचीचा रस ३० मिली, खाण्याच्या गुलाबपाण्याचे दोनच थेंब आणि लिंबू असं जिनमध्ये घालून बघावं. एल्डरफ्लॉवर नाही होणार, हिरवट भाग राहूनच जातो, पण शेजारच्या गल्लीत नक्की पोचाल. गुलाबपाणी तिसऱ्या थेंबाला लग्नाच्या मांडवात नेतं, सांभाळा.

गवतीचहा

तिसरा थेंब! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मी दारू घेत नाही, पण धागा पूर्ण वाचला. घरी करायचं कॉर्डियल कसं ते कोणी सांगेल का? मुलगी बर्मिंगहॅमला आहे, तिच्या घरामागेच झाड आहे म्हणते.

बांधावरची

ताई, ही माझी नेहमीची कृती. २०-२५ मोठे फुलोरे, दीड लिटर पाणी, सव्वा किलो साखर, तीन लेमन, ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (आपलं लिंबूसत्त्व).

फुलं कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर पण ऊन कडक व्हायच्या आत तोडायची. धुवायची नाहीत, सगळी चव परागात असते. फक्त झटकून किडे काढायचे. आणि ते असतात, बारीक काळे, खूप. जाड हिरवे देठ कात्रीने छाटून टाकायचे, ते राहिले तर सरबत कडवट होतं. पाण्यात साखर विरघळवून उकळी आणायची, जरा निवलं की लेमनची साल, चकत्या, लिंबूसत्त्व आणि फुलं त्यात टाकून झाकून ठेवायचं. फुलं वर तरंगतात, उघडी पडलेली तपकिरी होतात, म्हणून वर एक ताटली दाबून ठेवा. एक दिवसाने मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळलंत तर सरबत गढूळ होतं. फ्रिजमध्ये काही आठवडे राहतं. वर्षभर हवं तर प्लास्टिकच्या बाटल्यांत फ्रीजरला.

एकास आठ थंड सोडा, काकडीच्या दोन चकत्या. पाहुण्यांना कळतही नाही की यात दारू नाही.

लिक्युअर घरी करायचं तर हीच फुलं साध्या व्होडकात पूर्ण बुडवून तीन-चार दिवस ठेवायची, गाळून मग साखरेचा पाक. पाक आधी नाही घालायचा, किती गोड करायचं ते शेवटी ठरवता येतं.

वनस्पतीवेडी

कृतीच्या आधी झाडाची ओळख, प्लीज. युरोपात जूनमध्ये पांढऱ्या छत्रीसारखे फुलोरे असलेल्या डझनभर वनस्पती एकाच वेळी फुललेल्या असतात. त्यातली हेमलॉक प्राणघातक आहे आणि जायंट हॉगवीडच्या चिकाने उन्हात कातडी भाजते. एल्डर ओळखायच्या खुणा : ते झुडूप किंवा लहान झाड असतं, खोड लाकडी, जुनी साल भेगाळलेली, बुचासारखी. पानं समोरासमोर, एका देठावर साधारण पाच ते सात दातेरी पर्णिका. हेमलॉक आणि हॉगवीड जमिनीतून सरळ हिरव्या दांड्यावर येतात, लाकूड नसतं. शंका असेल तर फूल तोडू नका.

दुसरं, फुलं खायची, पानं-डहाळ्या नाहीत. पानांत, सालीत आणि कच्च्या फळांत सांबुनिग्रिन असतं, त्यातून पोटात सायनाइड सुटतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे काउंटीत एल्डरबेरीचा कच्चा रस प्यायल्यावर थोड्याच वेळात लोकांना उलट्या, चक्कर सुरू झाली, काहींना इस्पितळात हलवावं लागलं. त्या रसात फळांबरोबर पानं-फांद्याही चेचल्या गेल्या होत्या. वर बांधावरची यांनी देठ छाटायला सांगितलेत ते फक्त कडवटपणासाठी नाही.

गवतीचहा

बाप रे. मुलीला आधी झाडाचा फोटो पाठवायला सांगते. दोघींनाही धन्यवाद.

मिरजेचे_तात्या

फुलाची दारू म्हटल्यावर आम्हाला मोहच आठवणार. हा प्रकार म्हणजे साहेबाचा मोह म्हणावा काय?

अनुस्वार

नाही तात्या, यंत्रणाच वेगळी. मोहाच्या मांसल फुलात साखर भरपूर असते. ती आंबते आणि तिचंच अल्कोहोल होतं, मग ऊर्ध्वपातन. एल्डरच्या फुलात आंबवण्याजोगी साखर नगण्य. दारू दुसऱ्याची, साखर दुसऱ्याची, याचा फक्त सुगंध.

बांधावरची

एक अपवाद आहे, तात्या खूश होतील. इथे घरोघरी 'एल्डरफ्लॉवर शँपेन' नावाचा प्रकार करतात. पाणी, साखर, लिंबू आणि फुलं, बाहेरून यीस्ट न घालता. फुलांवरच्या रानटी यीस्टने ते आंबतं, सौम्य फसफसतं. काचेच्या बाटलीत भरू नये, फुटतात, आणि साध्यासुध्या नाही फुटत. सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्यायच्या आणि रोज झाकण सैल करून हवा सोडायची.

त्या नावावरून कोर्टकचेरीही झाली. सरे परगण्यातल्या थॉर्नक्रॉफ्टवाल्यांनी बिनदारूचं पेय 'एल्डरफ्लॉवर शँपेन' म्हणून बाजारात आणलं, बाटलीही शँपेनच्या घाटाची. फ्रान्सच्या टेटँजे या शँपेन करणाऱ्या कंपनीने खटला भरला आणि १९९३ मध्ये अपील कोर्टात जिंकला. दुकानात तेव्हापासून ते नाव चालत नाही. घरात कोण विचारतंय.

बार्देसकर

म्हापशाहून हजेरी. उर्राकचे (काजूच्या बोंडांच्या दारूचे) दिवस चालू असताना मी प्रयोग केलेला आहे. उर्राक ४५ मिली, एल्डरफ्लॉवर लिक्युअर १५, लिंबू १५, सोडा आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. चांगलं लागतं, हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण उर्राक पहिल्या धारेची, हलकी, बोंडूचा फळासारखा वास असलेली. फुलाशी तिचं जमतं. पण फेणीत घालायला जाऊ नका. फेणी आत आली की दुसऱ्या कोणालाच बोलू देत नाही. तुमची महागाची बाटली फुकट.

आणि उर्राक, लिम्का, मीठ, मिरची ही मूळ जोडी मोडून हे रोज प्यावं असंही काही नाही.

पेगासस

फेणीबद्दल अर्धवट सहमत. बोस्टनच्या मिस्टी काल्कोफेन या बारटेंडरचं 'मॅक्सिमिलियन अफेअर' बघा. मेझकाल (अगेव्हपासूनची मेक्सिकन दारू), एल्डरफ्लॉवर, पुंत ए मेस हा कडवट व्हर्मूथ (वनस्पती-मसाले घातलेली वाइन) आणि लेमन. मेझकालही धुराट, दांडगी दारू, तरी जमतं, कारण कडवट व्हर्मूथ मध्ये उभा आहे. फेणीतही फूल आणि दारू यांच्यामध्ये कडवट काहीतरी लागेल. काजू फेणी ३०, एल्डरफ्लॉवर १५, कडवट व्हर्मूथ १५, लिंबू १५ असं सुरू करून बघतो या आठवड्यात.

बार्देसकर

करून बघ आणि इथे लिही. माडाची फेणी वापरू नकोस, ती अजून हट्टी.

चकणाप्रेमी

अपडेट. ६० / २० / १५ ने गिमलेट केलं. एकदम झकास. बायकोने पहिला घोट घेऊन बाटलीवरची बोलणी मागे घेतली. दुसऱ्या ग्लासात मी हौसेने काकडी ठेचून घातली, तेही बरं होतं, पण मग शेकरमधून दोनदा गाळावं लागलं. खारे शेंगदाणे याच्याबरोबर चालत नाहीत, नोंद घ्यावी. काकडीचे काप आणि पनीर चाललं.

उरलेली बाटली किती दिवस टिकते? कपाटात ठेवू की फ्रिजमध्ये? व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं राहील ना?

पेगासस

नाही राहणार. बिघडून आजारी पाडणार नाही, पण फुलाचा वास हळूहळू उडतो आणि रंग फिकट सोनेरीवरून तपकिरीकडे झुकायला लागतो. फ्रिजच्या दारात ठेव, झाकण घट्ट, आणि सहा महिन्यांत संपव. रंग काळवंडला असेल तर आखूड कॉकटेलला नको, सोडा-लिंबात मुरव.

चकणाप्रेमी

सहा महिने म्हणजे फारच झाले. शनिवारी मंडळी येतायत.